गोधडीचा विस्तार

घरात नवा रुंद पलंग येतो, त्यावर साडेसहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी गादी पडते, आणि आजवर एका माणसाला पुरेपूर होणारी जुनी गोधडी त्या गादीच्या मधोमध पसरली असता दोन्ही बाजूंना फूट-फूटभर जागा उघडी राहते, हा अनुभव गेल्या दोन पिढ्यांत महाराष्ट्रातील असंख्य घरांनी घेतला आहे. अशा वेळी बहुधा गोधडीला माळ्याची वाट दाखवली जाते आणि तिच्या जागी दुकानातील तयार रजई येते. परंतु याहून निराळा, थोडा कष्टाचा पण पूर्णपणे साध्य असा एक मार्ग आहे, आणि तो म्हणजे त्या जुन्या गोधडीलाच कडांनी वाढवून नव्या पलंगाच्या मापाची करणे. पुरी झालेली गोधडी पुन्हा उसवून तिच्यात फेरफार करणे अनेकांना धाडसाचे, किंबहुना अनुचित वाटते. माझे मत मात्र असे आहे की, अशा विस्ताराला गोधडीइतकी अनुकूल वस्तू आपल्या संसारात दुसरी क्वचितच असेल, आणि हे काम करताना एक तत्त्व सांभाळले, म्हणजे जीर्ण भागावर कोणताही नवा भार न टाकता नव्या कापडानेच जुन्याला धरून ठेवले, तर वाढवलेली गोधडी मूळच्या गोधडीपेक्षा अधिक काळ टिकते.

प्रथम हे पाहिले पाहिजे की गोधडी लहान का असते. तिची रुंदी कोणी शयनगृहाचे माप घेऊन ठरवलेली नाही. ती ज्या लुगड्यांतून जन्माला आली त्यांच्या पन्ह्याने ठरवलेली आहे. सुती नऊवारी लुगड्याचा पन्हा साधारणतः सव्वा वार, म्हणजे ४५ इंच किंवा त्याहून थोडा अधिक असतो, आणि शिवणारणीचा सहज कल असा की पन्हा अखंड ठेवावा, उभी शिवण टाळावी आणि लांबी तेवढी माणसाच्या उंचीप्रमाणे, हातावर मोजून घ्यावी. त्यामुळे चार फूट रुंद व सहा फूट लांब हे माप जणू आपोआपच सिद्ध झाले. त्यातच बहुतेक घरांतून निजण्याची रीत जमिनीवरची. माजघरात किंवा ओसरीवर ओळीने अंथरुणे पडत, ज्याची त्याची गोधडी वेगळी असे, आणि सकाळी त्या साऱ्यांच्या घड्या घडवंचीवर रचल्या जात. दोन माणसांनी एकाच पांघरुणाखाली निजावे अशी त्या व्यवस्थेत अपेक्षाच नव्हती. तात्पर्य, गोधडीचे लहानपण हा तिच्या शिवणीतला दोष नसून एका निराळ्या गृहव्यवस्थेचा तो दस्तऐवज आहे.

कुठे गोधडी, कुठे वाकळ, कुठे लेपटे अशा नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या वस्तूची रचना वरून साधी दिसते. खाली एक अखंड अस्तर, वर एक अखंड किंवा तुकड्यांनी जोडलेला दर्शनी पदर, मध्ये जुन्या धोतरांचे, चादरींचे, फाटक्या सदऱ्यांचे दोन किंवा अधिक थर, आणि या सर्वांना एकजीव करणारा, बहुधा कडेपासून सुरू होऊन चौकोनी वळणे घेत मध्याकडे जाणारा धावदोरा. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, सिंध-कच्छची रल्ली या तिच्या भगिनी. जुने मऊ सुती कापड, थरावर थर आणि धावदोरा हे सर्वांचे समान कुलचिन्ह. आता या रचनेत लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, गोधडी कधीच अंतिम स्वरूपाला पोहोचलेली नसते. दर्शनी पदर विरला की त्यावर दुसरे लुगडे चढवून पुन्हा धावदोरा घालायचा, कोपरा फाटला की ठिगळ द्यायचे, आणि अगदी जीर्ण झाली की तिलाच दुसऱ्या गोधडीच्या पोटात थर म्हणून घालायचे, हा पिढ्यान् पिढ्यांचा शिरस्ता आहे. जाडीच्या दिशेने गोधडी अशी नेहमीच वाढत आली. आता पलंगाच्या निमित्ताने तिला रुंदीच्या दिशेने वाढवायचे आहे, एवढाच काय तो फरक.

परंतु कोणत्याही गोधडीला सरसकट सुई लावू नये. आधी तिची परीक्षा करावी. कडेजवळचे कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलक्या हाताने ताणावे. धागे सरकून फट पडली, किंवा कापडातून बारीक भुगा झडला, तर त्या कापडात टाका धरण्याचे बळ उरलेले नाही असे समजावे. ही परीक्षा कडेला, मधोमध आणि जेथे घडी नेहमी पडत आली त्या रेषेवर, अशी तिन्ही ठिकाणी करावी, कारण घडीच्या रेषेवर कापड सर्वांत आधी विरते. जी गोधडी या परीक्षेत उतरणार नाही तिच्यासाठी एक वेगळी तजवीज आहे. तिचा विचार पुढे येईलच. आणि जिच्यावर आजी-पणजीच्या हातचे खरोखर दुर्मीळ भरतकाम आहे, तिला मात्र पलंगाच्या सोयीसाठी मुळीच हात लावू नये. तिला सुती कापडात सैल गुंडाळून कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवावे, आणि घडी घालायची झालीच तर दरवेळी वेगळ्या रेषेवर घालावी.

परीक्षा झाली की माप. येथे बहुतेकांची चूक होते ती अशी की, गोधडीची लांबी-रुंदी तिच्या कडेवरून मोजली जाते. वर्षानुवर्षे ओढाताण सोसून कड सैलावलेली आणि लाटांसारखी वळलेली असते; तिच्या मापाने पट्टी कापली, तर तो सैलपणा नव्या भागात उतरतो आणि पलंगावर पसरलेली गोधडी कधीच सपाट बसत नाही. म्हणून गोधडी जमिनीवर अंथरून, हाताने निपटून, तिचे माप मधोमध घ्यावे, आणि कडेला जो अर्धा-पाऊण इंच अधिक भरेल तो शिवताना टाक्याटाक्यात थोडा थोडा सामावून घ्यावा. याच वेळी गादीचेही माप घ्यायचे, आणि त्यात गादीची जाडी धरायला विसरायचे नाही. समजा, गादी ७२ इंच रुंद, ७८ इंच लांब व ६ इंच जाड आहे, आणि गोधडी ४८ इंच रुंद व ७२ इंच लांब आहे. दोघांच्या अंगावर पुरायची तर गोधडी गादीच्या दोन्ही बाजूंनी निदान ८ इंच खाली उतरली पाहिजे, म्हणजे रुंदी ८८ इंच हवी. ४८ वजा केले की ४० उरतात, म्हणजेच प्रत्येक बाजूला २० इंचांची भर. लांबीचा हिशेब मात्र बराच सौम्य आहे. उशाकडची फूटभर जागा पांघरुणाने झाकायची नसते, म्हणून तेथील १२ इंच सोडले की गादीचे ६६ इंच उरतात, आणि पायथ्याशी गादीखाली खोचायला १२ इंच धरले तरी ७८ इंच पुरतात. तेव्हा केवळ पायथ्याला ६ इंचांची पट्टी जोडली की काम भागते. उशाकडची कड जशीच्या तशी राहिली तर तिची मूळ शिवण अभंग राहते, आणि गोधडीचे एक तरी अंग शिवणारणीच्या हातचे जसेच्या तसे शाबूत आहे याचे समाधान मिळते.

या हिशेबातून एक आनंदाची गोष्ट निघते. बाजूच्या दोन पट्ट्या प्रत्येकी २० इंच रुंद व्हायच्या, तर सांध्यासाठी व कड दुमडण्यासाठी त्यांचे कापड २२ इंच रुंद हवे. लांबी ७८ इंच व्हायची, तर धावदोऱ्याने कापड आकसते म्हणून ८० इंच घ्यावी. गोधडीला चार थर असतील तर दोन्ही बाजू मिळून असे आठ तुकडे लागतील. आता नऊ वारी लुगडे म्हणजे ३२४ इंच लांब व ४५ इंच पन्ह्याचे. पन्ह्यात २२ इंचांचे दोन तुकडे बसतात, लांबीत ८० इंचांचे चार बसतात, आणि अशा रीतीने एका नऊवारी लुगड्यातून नेमके आठ तुकडे निघतात. जी मूळ गोधडी लुगड्यांच्या पन्ह्यावर बेतलेली होती, तिच्या विस्तारालाही एक लुगडे पुरावे, ही संगती मला फार मनोहर वाटते. पायथ्याच्या अरुंद पट्टीसाठी जुने धोतर किंवा सुती चादर पुरेशी होते.

मात्र ते लुगडे सुतीच असले पाहिजे, याबद्दल कोणतीही तडजोड नको. नायलॉन व पॉलिएस्टरची लुगडी आणि साड्या घरोघर रुळल्यापासून घरात निघणाऱ्या जुन्या कापडाची जातच पालटली, आणि अनेक नव्या गोधड्यांच्या पोटात हे कृत्रिम कापड जाऊ लागले. ते घाम टिपत नाही, त्याचे थर एकमेकांवरून सरकतात, आणि सुती थराशी जोडले असता ते झिजत नाही म्हणून शेजारच्या सुतालाच झिजवते. सुती दोऱ्याऐवजी नायलॉनचा दोरा वापरला तरी असाच परिणाम होतो. दोरा अभंग राहतो आणि मऊ झालेले कापड टाक्याच्या भोकाशी कापले जाते. दोरा नेहमी कापडाहून दुबळा असावा, म्हणजे ताण बसला तर दोरा तुटतो आणि कापड वाचते. तुटलेला दोरा बदलता येतो.

कोरे कापड वापरण्याचा मोहही आवरला पाहिजे. जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचे ठिगळ लावणारा माणूस ते वस्त्र अधिकच फाडून घेतो, असा ख्रिस्ताचा एक दृष्टान्त बायबलच्या नव्या करारात आहे, आणि त्याचा आध्यात्मिक अर्थ काहीही असो, शिवणकामाच्या दृष्टीने तो अक्षरशः खरा आहे. शेकडो वेळा धुतले गेलेले कापड जेवढे आटायचे तेवढे आटून गेलेले असते. कोरे कापड पहिल्या दोन-तीन धुण्यांत आटते, आणि आटताना सांध्यापाशी जुन्या कापडाला ओढून घेते. म्हणून वापरलेले कापड सर्वांत उत्तम. ते नसेल तर कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, खळ पूर्ण जाईपर्यंत धुऊन, उन्हात वाळवून, पुन्हा एकदा धुऊन मगच कात्रीखाली घ्यावे. रंगाची खातरजमाही याच वेळी करावी. पांढरा ओला फडका कापडावर घासून पाहावा. तांबडा व गडद निळा हे रंग विशेष दगा देतात, आणि गोधडीच्या फिकट झालेल्या जुन्या पदरावर एकदा उतरलेला रंग सहसा निघत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे वळू. सर्वांत सोपी वाटणारी रीत अशी की, पट्ट्या स्वतंत्र शिवाव्यात आणि जुन्या कडेला भिडवून एक सरळ टीप मारून टाकावी. ही रीत मी कोणालाही सुचवणार नाही. तीत साऱ्या गोधडीचा भार त्या एकाच रेषेवर येतो, आणि ती रेषा जुन्या कापडाच्या सर्वांत थकलेल्या भागावरून, म्हणजे कडेवरून जाते. रात्री एका माणसाने पांघरूण आपल्याकडे ओढले की तो सारा हिसका तेथे बसतो. मग पहिल्या हिवाळ्यातच टिपेच्या भोकांच्या रेषेवर जुने कापड पत्रावळीच्या पानासारखे फाटत जाते, आणि दोष मात्र गोधडीच्या वयाला दिला जातो.

याऐवजी कड उघडावी. ज्या बाजूंना भर घालायची त्या बाजूंचा काठ-गोट हलक्या हाताने उसवावा आणि धावदोऱ्याच्या बाहेरच्या दोन-तीन ओळी, सुमारे ४ इंच आतपर्यंत, मोकळ्या कराव्यात. दोरा ओढून काढू नये. दर चार-पाच टाक्यांनंतर कात्रीच्या टोकाने तोडून तुकडे चिमट्याने वेचावेत. धावदोरा बहुधा अखंड वळणांनी आत गेलेला असल्यामुळे जेथे उसवणे थांबवायचे तेथील दोऱ्याचे टोक ताबडतोब दोन उलटे टाके घालून पक्के करावे, नाहीतर उरलेली शिवणही आपोआप सैल होत जाते. कड उघडली की आतले थर दिसतात, आणि हा क्षण कोणत्याही संवेदनशील माणसाला हलवून टाकणारा असतो: कधी न पाहिलेल्या लुगड्याचा मूळचा गर्द रंग, बाळंतपणातल्या दुपट्याचा तुकडा, आजोबांच्या सदऱ्याची पट्टी, असे घराचे सारे दप्तर तेथे उन्हापासून सुरक्षित राहिलेले असते. पुढे जाण्यापूर्वी या थरांचे छायाचित्र अवश्य घ्यावे, कारण कड पुन्हा मिटली की ते पाहायला मिळण्याचा योग लवकर येत नाही.

मग नवे थर जुन्या थरांत गुंतवायचे. मधल्या दोन जुन्या थरांपैकी एक २ इंच आणि दुसरा १ इंच मागे कापावा आणि नव्या पट्टीचे मधले थर तेवढेच आत नेऊन त्यांना नुसते भिडवावेत, एकावर एक चढवू नयेत. अस्तर आणि दर्शनी पदर मात्र कापायचे नाहीत. त्यांवर नव्या पट्टीचे कापड अर्धा इंच दुमडून इंचभर चढवायचे. असे केल्याने सर्व थरांचे सांधे एकाच रेषेवर पडत नाहीत, कोठेही जाड वरवंटा उठत नाही आणि ताण एका रेषेवर न येता चार बोटांच्या पट्ट्यात वाटला जातो. पायथ्याची पट्टी आधी जोडावी आणि बाजूच्या पट्ट्या नंतर, त्या पायथ्याच्या पट्टीसह संपूर्ण लांबीला लागतील अशा. म्हणजे कोपऱ्याचा प्रश्न फारसा उरत नाही.

नव्या पट्ट्यांना जोडणीपूर्वीच आपापला धावदोरा घालून घ्यावा, सांध्याकडचे ४ इंच तेवढे मोकळे ठेवावे. धावदोऱ्याने कापड किती आकसेल हे हातागणिक बदलते, म्हणून पट्टी शिवून झाल्याशिवाय तिला अंतिम मापात कापायचे नाही. धावदोऱ्याच्या ओळींतले अंतर जुन्या गोधडीइतकेच ठेवणे हा या साऱ्या कामाचा प्राण आहे. जुन्या भागात ओळी बोटाबोटाच्या अंतरावर आणि नव्या भागात त्या चार बोटांवर असतील, तर नवा भाग फुगून राहतो. उलट नव्या भागात त्या अधिक दाट असतील, तर तो आकसतो आणि सांध्यापाशी चुण्या पडतात. थरांची संख्याही अशीच जुळली पाहिजे. नवे कापड जुन्यापेक्षा जाड असेल तर एक थर कमी करावा. केवळ मोजून समाधान मानू नये, दोन्ही भाग अंगठा व तर्जनी यांच्यात धरून त्यांची जाडी ताडून पाहावी.

पट्टी जागेवर बसली की लांब कच्चे टाके घालून ती स्थिर करावी, गोधडी पलंगावर पसरून एकदा पाहून घ्यावी, आणि मगच सांध्याचा पक्का धावदोरा घालावा. हा धावदोरा सांध्याला समांतर नसावा. तो सांध्याला आडवा छेदून जुन्या भागात चार-पाच इंच आत जावा, आणि प्रत्येक ओळ थोड्या निराळ्या ठिकाणी थांबावी. अखेरीस एखाद्या जुन्या लुगड्याचा दोन-तीन इंची काठ कापून सांध्यावर, अर्धा जुन्यावर आणि अर्धा नव्यावर येईल असा, दोन्ही अंगांनी तुरपून टाकावा. काठाची वीण दाट असते, अंगच्या कापडापेक्षा ती कितीतरी अधिक टिकते, आणि जुन्या गोधडीची हद्द त्यामुळे चौकटीप्रमाणे स्पष्ट दिसते. येथे काहींचा आग्रह असतो की सांधा दिसू नये, नवे कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट करावे आणि सारे एकच असल्याचा आभास निर्माण करावा. मला हे मान्य नाही. जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे पुढच्या पिढीला कळले पाहिजे. त्यात लपवण्यासारखे काहीही नाही. नव्या पट्टीच्या एका कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने वर्ष आणि शिवणाऱ्याच्या नावाचे आद्याक्षर काढले तर फारच उत्तम.

यंत्राविषयी विचारले जाते म्हणून सांगतो: बाहेरच्या नव्या कडेचा गोट शिवणयंत्रावर बेलाशक शिवावा. सांधा मात्र हातानेच, आणि दाभणाने नव्हे तर बारीक सुईने घालावा, कारण यंत्राची दाट टीप जुन्या कापडाला भोकांची रांग पाडते.

जी गोधडी आधीच्या परीक्षेत उतरली नाही तिची तजवीज आता सांगतो. तिची कड उघडू नये. पलंगाच्या पूर्ण मापाची दोन-तीन थरांची नवी, पातळ गोधडी शिवावी, आणि जुनी तिच्यावर मधोमध अंथरून संपूर्ण क्षेत्रात विरळ टाक्यांनी बसवावी. अशा रचनेत जुन्या कापडाला स्वतःचे वजनसुद्धा पेलावे लागत नाही. फार विरलेल्या जागांवर मलमलीचा पातळ पदर द्यावा. त्यातून खालचा रंग दिसत राहतो.

गोधडी मधोमध कापून तिच्यात नवा पट्टा घालण्याची कल्पनाही कधीकधी पुढे येते. ती सोडून द्यावी, कारण तीत धावदोऱ्याची प्रत्येक ओळ तुटते. कापसाच्या रजईचा प्रश्न तर वेगळाच आहे आणि फार सोपा आहे: खोळ उसवायची, कापूस पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घ्यायचा, त्यात नव्याची भर घालायची आणि मोठ्या खोळीत भरून टाके घालायचे.

अमेरिकेतही हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर उद्भवला. तेथे दोघांच्या पलंगाची जुनी रूढ गादी ५४ इंच रुंद होती. पुढे ७६ इंच रुंद गाद्यांचा प्रसार झाला, आणि आज्यांनी शिवलेल्या रजया उघड्या पडल्या. त्यांच्याकडे मध्यभागी एक चौकट घेऊन तिच्याभोवती काठामागून काठ लावत जाण्याची जुनी रीत होतीच. अलाबामा राज्यातील जीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सुप्रसिद्ध रजयांतही मधल्या तुकड्याभोवती पट्ट्या वाढवत नेण्याचा एक प्रकार आहे. अशा रजईला आणखी एक काठ जोडला तरी मूळ रचनेशी विसंगती होत नाही. याच्या अगदी उलट टोकाला आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांतील सिद्दी स्त्रियांची कवंडी आहे. आफ्रिकेतून आलेल्या आणि ज्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगीज अमलातून तिकडे गेले अशा या समाजातील स्त्रिया एका कोपऱ्यापासून आरंभ करून, तुकडे मांडत मांडत, कडेकडून मध्याकडे शिवत जातात, आणि चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुले’ बसवतात. फुलांवाचून कवंडी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. अशी कवंडी हाती असेल तर तिचे कोपरे उसवू नयेत. तिला मोठ्या गोधडीवर अखंड बसवण्याचीच रीत योग्य.

आता धुण्याविषयी, कारण वाढवलेली गोधडी बहुधा शिवणीत नव्हे तर धुण्यात दगावते. वरच्या उदाहरणातील मूळ गोधडी २४ चौरस फुटांची होती. वाढवल्यावर ती जवळजवळ ४८ चौरस फुटांची झाली, म्हणजे वजन दुप्पट झाले. नवरात्रापूर्वी घरातली सारी अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुण्याचा जो जुना प्रघात होता, त्यात दोन बाया मिळून एक गोधडी पिळत असत, आणि ती त्या लहान मापाची होती. पाणी प्यालेली ही मोठी गोधडी एकट्याने उचलून दोरीवर टाकली, तर ओल्या नव्या पट्ट्यांचे सारे ओझे जुन्या सांध्यावर लटकते. म्हणून ती टबात सौम्य साबणाने दाबून दाबून धुवावी, पिळू नये, चादरीच्या झोळीत घालून दोघांनी उचलावी आणि गच्चीवर स्वच्छ सतरंजी अंथरून तीवर आडवी वाळवावी. वर्षातून एकदा धुणे पुरेसे असते; एरवी अधूनमधून ऊन दाखवावे.

हे सारे स्वतः करण्याचे बळ किंवा सवड प्रत्येकाला असते असे नाही. परंतु मजुरीने गोधड्या शिवून देणाऱ्या स्त्रिया आपल्या गावांत आणि शहरांतील जुन्या वस्त्यांत अजून आहेत. त्यांच्या हाताला थरांची जाडी आणि धावदोऱ्याचा ताण मोजपट्टीवाचून कळतो. त्यांच्याकडे गोधडी सोपवताना दोन गोष्टी अवश्य कराव्यात. कापड आपल्या घरचे, सुती आणि धुतलेले द्यावे. आणि मजुरी ठरवताना दुकानातील यंत्राने शिवलेल्या रजईची किंमत पुढे न करता, त्या कामाला खरोखर जितके दिवस लागतील तितक्या दिवसांचा पुरा रोज द्यावा.